पाण्याचा रंग

बालाघाटच्या डोंगरात एक गाव होते. गावाच्या वरच्या अंगाला ओढा अडवून बांधलेला पाझर तलाव, तलावाच्या बांधाखाली गायरान आणि त्या गायरानात मातीवडारांची दहा-बारा घरे. पावसाचे पाणी तलावात साठे, जमिनीत मुरे आणि खालच्या विहिरींना उतरे. त्या विहिरींवर गावचा ऊस उभा होता, डाळिंबाच्या बागा उभ्या होत्या. गावात घरोघरी नळ होते. वस्तीपर्यंत नळ आला नव्हता. बांधाच्या पायथ्याशी, जुन्या ओढ्याच्या पात्रात, एक बारीक झरा वाहत असे. वस्तीतल्या बायका त्यावरच हंडे भरत.

वस्तीत एक म्हातारी होती. शेरडे राखायची, झऱ्यावरून पाणी आणायची, संध्याकाळी बांधावर एक चक्कर मारून यायची. गाव तिला वडाराची म्हातारी म्हणे. हा तलाव होताना तिने पाहिला होता. पाहिला होता म्हणजे तिच्या डोक्यावरून त्याची माती गेली होती.

ती गोष्ट 1972 च्या दुष्काळातली. त्या साली विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जमीन होती तीही माणसे सरकारी कामावर पाट्या उचलायला आली. कुठे रस्ता, कुठे खडी, कुठे नालाबांध, कुठे पाझर तलाव. लोकांनी परदेशातून आलेली तांबडी मिलो खाल्ली आणि कामावर वाटलेली सुकडी खाल्ली. महाराष्ट्राच्या रोजगार हमीला त्या कामांनीच बळ आले, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. शेतकऱ्याच्या बायकोला डोक्यावर घमेले घेऊन चालणे त्या वर्षी नवे होते, तिला लाज वाटे. वडारांच्या बायकांना त्यात नवे काही नव्हते. दुष्काळ असो की सुकाळ, त्यांचे कामच ते.

म्हातारी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, आईमागे पाटी घेऊन फिरायची. मातीचा बांध कसा उभा करतात हे ती चालता चालता शिकली. बांध म्हणजे नुसता ढीग नाही. आधी खाली चर खणायचा, कठीण खडक लागेपर्यंत. त्यात काळी चिकण माती भरायची, पाणी मारायचे, धुम्मस करायचे. तोच काळा गाभा वर बांधाच्या पोटातून न्यायचा. दोन्ही बाजूंनी मुरूम. पाण्याकडच्या अंगाला दगडांचे अस्तर. पाणी अडवतो तो काळा गाभा, मुरूम त्याला धरून ठेवतो.

ओढ्याच्या पात्रात चर खणताना पाणी लागले. उपसावे तितके पुन्हा भरे. पावसाळा तोंडावर आला होता, काम संपवायची घाई होती. मुकादमाने खडक लागायच्या आधीच चर भरायला सांगितला, आणि तोही काळ्या मातीने नाही, जवळ पडलेल्या मुरमाने. मुलीची आई पाटी टेकून म्हणाली, “मुकादम, हितं कठीण लागलं न्हाई. अजून खाली जावं लागतंय.” मुकादम म्हणाला, “तुला पैसे पाटी उचलायचे मिळतात. उचल.” तिने पाटी उचलली. मुलीने ते ऐकले आणि जागा लक्षात ठेवली. मुकादमाने काही वाईट मनाने केले असे मला वाटत नाही. पाटी उचलणाऱ्या बाईला माती कळते, ही गोष्टच त्याच्या डोक्यात नव्हती.

ही माणसे कोण, हे थोडे सांगायला हवे. वडार हा महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींपैकी एक समाज. मातीवडार मातीकाम करतात, गाडीवडार दगड वाहतात, पाथरवट जाती आणि पाटेवरवंटे घडवतात. विहिरी, कालवे, तलाव, रस्ते, रेल्वेचे भराव यांत त्यांची माती आणि त्यांचा घाम आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावर हजेरी बसवली. तो कायदा 1952 मध्ये गेला आणि ‘विमुक्त’ हे नाव त्या सुटकेतून आले. पण संशय कायद्याबरोबर गेला नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर पालांकडे वळते. आणि सवलती आहेत म्हणावे, तर जातीचा दाखला काढायला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा लागतो. जे लोक वर्षातले आठ महिने कामामागे फिरत होते, ज्यांच्या नावावर घर नव्हते, ज्यांची मुले शाळेत नव्हती, त्यांच्याकडे 1961 चा कागद कुठून येणार? त्यांनी खणलेल्या विहिरीची नोंद सातबाऱ्यावर असते. खणणाऱ्याची नसते.

म्हणून म्हातारीची माणसे त्याच गावात तीन पिढ्या राहून कागदावर कुठेच नव्हती. घरांना ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा नव्हता, त्यामुळे नळ नव्हता. आणि नळ नव्हता म्हणून झऱ्याचे पाणी तिच्या रोजच्या नजरेखाली होते. गावात आणखी कोणाच्याही नजरेखाली ते नव्हते.

एका वर्षी परतीच्या पावसाने धरले. तीन दिवस, तीन रात्री पाऊस. पुष्कळ वर्षांनी तलाव काठोकाठ भरला आणि सांडवा वाहू लागला. गावाने तलावावर जाऊन नारळ फोडला, ओटी भरली. पोरांनी सांडव्याच्या पाण्यासमोर उभे राहून फोटो काढले. त्याच दिवशी सकाळी म्हातारीने हंडा उपडा केला, तर तळाला बोटाच्या पेराइतका गाळ.

तिला वाटले, पावसाचे पाणी वरून झऱ्यात आले असेल. ती थांबली. दोन दिवस उघडीप मिळाली, कडेचे ओहोळ आटले. झऱ्याचे पाणी मात्र गढूळच राहिले आणि त्याची धार जाड झाली. तिने घरातली पाण्याची प्लास्टिकची रिकामी बाटली घेतली, झऱ्यावर भरली, कुडाच्या कडेला उभी केली आणि माती तळाला बसू दिली. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी तिसरी. प्रत्येक बाटलीत गाळाचा थर आधीच्यापेक्षा उंच. आणि रंग मुरमाचा, तांबूस. झरा जिथे फुटत होता ती जागा तिने मनात 1972 च्या चराशी लावून पाहिली. तीच ती जागा होती. लिहिता न येणाऱ्या बाईने ठेवलेली ही नोंदवही होती.

चौथ्या दिवशी 2 ऑक्टोबर होता, ग्रामसभा होती. म्हातारी नातीला बरोबर घेऊन गेली.

आपल्याकडे ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. कायद्याने तिथे सरपंचाचा शब्द आणि शेरडे राखणाऱ्या म्हातारीचा शब्द एकाच मापाचा आहे. मुख्य सभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, म्हणजे त्या मोकळेपणाने बोलतील, असाही नियम आहे. या गावात ती सभा वहीवर झाली होती. शिपाई घरोघर जाऊन सह्या घेऊन आला होता, वस्तीकडे तो गेला नव्हता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंडांच्या गावात सगळ्यांचे एकमत होईपर्यंत निर्णय घेत नाहीत, तोवर बोलत राहतात, पुन्हा बसतात. एकाचीही हरकत उरली तर ती ऐकावी लागते. तसे करायला वेळ लागतो, हे खरे. पण तिथे कोणी दारात उभे राहून बोलत नाही.

म्हातारी दारात उभी होती. आत खुर्च्या होत्या, सतरंजी होती, पण तिला कोणी आत ये म्हटले नाही आणि ती आपणहून आत गेली नाही. घरकुलाची यादी झाली, रस्त्याची निविदा झाली, स्मशानभूमीच्या शेडवरून भांडण झाले. उठाउठी व्हायला लागल्यावर ती म्हणाली, “सरपंच, माझं एक आईका. बांधाखालचं पानी माती खायलंय.”

तिचे मराठी वडारी वळणाचे. एकजण म्हणाला, “म्हातारे, पाण्याला दात आलेत का?” सभा हसली. ती हसू संपेपर्यंत थांबली आणि पुन्हा म्हणाली, “आधी नितळ यायचं. आता माती घिऊन यायलंय. बांध आतनं रिता व्हायलाय.” पण तोवर चहा आला होता.

सरपंच वाईट माणूस नव्हता. तो ग्रामसेवकाला म्हणाला, “भाऊसाहेब, घ्या लिहून.” ग्रामसेवकाने लिहिले: ‘पाझर तलावातून गळती होत असल्याबाबत तक्रार. संबंधित विभागास कळविणे.’ संध्याकाळी सरपंचाने लघुपाटबंधारेच्या शाखा अभियंत्याला फोन केला. “साहेब, आपल्या तलावाला गळती हाय म्हणत्यात.” अभियंता म्हणाला, “मातीचा बांध आहे, सरपंच. थोडं पाणी येणारच. पाझर तलावच आहे तो.”

अभियंत्याचे म्हणणे चूक नव्हते, आणि यातच सगळे आले. त्याला जे सांगितले गेले त्याला हेच उत्तर योग्य होते. मातीच्या बांधातून नितळ पाणी झिरपणे ही रोजची गोष्ट आहे, त्याला कोणी घाबरत नाही. पाणी गढूळ झाले की मात्र ते बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडत असते. पोटात पोकळी होते, पोकळीचा बोगदा होतो, आणि बोगदा तलावापर्यंत पोचला की काही तासांत बांध जातो. म्हातारीच्या दोन वाक्यांत जीव होता तो ‘माती’ या एका शब्दात. वहीत उतरताना त्याची गळती झाली, आणि फोनवर गेली ती नुसती गळतीच. कोणी काही लपवले नाही, कोणी खोटे बोलले नाही. प्रत्येकाने तिचे बोलणे आपल्या नीटनेटक्या भाषेत पुढे नेले, आणि त्या नीटपणात तिला जे सांगायचे होते तेच मागे राहिले. गरिबाचे ऐकतच नाहीत, अशी तक्रार आपण करतो. मला वाटते, त्याहून जास्त वेळा असे होते की त्याचे ऐकून घेतात, त्याला ‘बघतो’ म्हणतात, आणि मग त्याच्या जागी दुसराच कोणीतरी बोलतो.

हे केवळ गोष्टीत होते असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातल्या तिवरे गावचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. खालच्या वाडीतली माणसे घरांसकट वाहून गेली. धरणाला गळती आहे, हे तिथल्या लोकांनी आधी सांगितले होते. फुटल्यानंतर खेकड्यांनी बांध पोखरला असे कारण सरकारातून सांगण्यात आले. बांधाखाली राहणाऱ्या माणसाइतके बांधाकडे कोण पाहते? त्याला पाहावेच लागते. त्याच्या तक्रारीला अर्जाची किंमत असते, तपासणीची नसते, आणि ती दिली असती तर काय झाले असते हा विचार तिवऱ्याच्या नावाबरोबर मनात आल्याशिवाय राहत नाही.

आपल्या गोष्टीतल्या गावाला एका रकान्याने वाचवले.

दुसऱ्या दिवशी अभियंत्याच्या कार्यालयातून ग्रामसेवकाला एक तक्ता आला. तक्रार नोंदली गेली होती, तेव्हा तो भरून पाठवणे भाग होते. तलावाचे नाव, पाण्याची पातळी, सांडव्याची स्थिती. आणि एक रकाना: झिरपणारे पाणी स्वच्छ की गढूळ. ग्रामसेवकाने सवयीने ‘स्वच्छ’ लिहायला पेन टेकवले आणि त्याचा हात थांबला. म्हातारी पाण्याबद्दल काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली होती? त्याला सभेतले हसणे आठवले. दातांचा विनोद शब्दन् शब्द आठवला, तो करणाऱ्याचा चेहरा आठवला. म्हातारीचे वाक्य आठवेना.

त्याला वाईट वाटले. नुसते वाईट वाटून तो बसून राहिला असता तर या गोष्टीत त्याचे नाव घ्यायचे कारण नव्हते. त्याने मोटारसायकल काढली. वस्तीला जायचा रस्ता त्याला विचारावा लागला, आणि पाच जणांना विचारूनही म्हातारीचे घर कोणते ते कळेना. ज्यांच्या शेतातल्या विहिरी, बांध आणि शेततळी त्या वस्तीने खणली होती त्यांनाही ती वस्ती ‘तिकडं वर, कुठंतरी’ एवढीच ठाऊक होती. शेवटी शाळेतून घरी निघालेली म्हातारीची नात भेटली. तिने नेले.

कुडाशी बाटल्या उभ्या होत्या. आता पाच झाल्या होत्या.

म्हातारीने घोंगडी टाकली. ग्रामसेवक म्हणाला, “आजी, काल तुम्ही काय म्हणालात ते मला पुन्हा सांगा. तुमच्याच शब्दांत सांगा, मी तसंच लिहितो.” तिने सांगितले. पाणी कधी बदलले, धार कधी जाड झाली, कोणत्या दिवशी किती गाळ. मग ती त्याला झऱ्यावर घेऊन गेली आणि ओंजळीत पाणी धरून दाखवले. मग 1972 चा चर सांगितला. ग्रामसेवकाने बाटल्यांचा फोटो काढला, पाच बाटल्या एका ओळीत, आणि तो अभियंत्याच्या मोबाईलवर पाठवून खाली एकच ओळ लिहिली: ‘पानी माती खायलंय.’

मिनिटभरात फोन आला. “भाऊसाहेब, बांधाखाली कोणाला थांबू देऊ नका. मी निघालो. आणि ज्यांनी बाटल्या भरल्या त्यांना माझ्यासाठी थांबवून ठेवा.”

अभियंता पोचला तोवर अर्धे गाव बांधाखाली जमले होते. पोरांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत चिकण माती भरून आणली होती आणि झऱ्याच्या तोंडात दाबायला घेतली होती. म्हातारी ओरडत होती, “तोंड बुजवू नका रं! दुसरीकडनं फुटंल!” कोणी थांबत नव्हते. अभियंता चिखलातून धावत खाली आला आणि पहिला शब्द बोलला तो हाच, “त्या सांगतायत ते करा. गोण्या काढा.”

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. गढूळ झरा दिसला की पहिली ओढ तो बुजवायची असते. पण तोंड बुजवले तर पाण्याचा जोर आत तसाच राहतो, तो बाजूची कच्ची जागा शोधतो आणि तिथून मोठे भगदाड पाडतो. उपाय उलटा असतो. पाण्याला वाट द्यायची, माती तेवढी अडवायची. झऱ्याच्या तोंडावर आधी वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, वर दगड. पाणी थरांतून गाळून बाहेर येते आणि माती मागे राहते. झरा चालू राहतो आणि बांध टिकतो. त्याचबरोबर वरचा भार हलका करायचा. सांडव्यात पोकलेनने चर पाडून तलावाची पातळी उतरवायची.

त्या रात्री गावाने ते केले. वाळूच्या ट्रॉल्या आल्या, खडी आली. थर कसा द्यायचा हे अभियंता सांगे आणि वस्तीतली माणसे हाताने करून दाखवत. उतारावर दगड कसा बसवला म्हणजे घसरत नाही, हे त्यांच्या बोटांत होते. वस्तीतली आणि ओढ्याकाठची घरे रिकामी करून सगळ्यांना शाळेत नेले. गावातल्या बायका आणि वडारांच्या बायका पहिल्यांदाच एका खोलीत झोपल्या. पहाटे झऱ्याचे पाणी अजून गढूळ होते. दुपारी जरा निवळले. सांडव्याच्या चरातून तलाव दोन पुरुष उतरल्यावर, तिसऱ्या दिवशी, ते नितळ आले.

अभियंता जाण्याआधी म्हातारीजवळ बसला. कार्यालयातल्या जुन्या नकाशावर तो चर थेट खडकापर्यंत गेलेला दाखवला होता. त्याने नकाशा तिच्यापुढे पसरला आणि म्हणाला, “आजी, कुठून कुठपर्यंत मुरूम भरला ते दाखवा.” तिने काडीने जमिनीवर रेघ ओढली. त्याने ती नकाशावर लाल पेनने उतरवली आणि शेजारी कोणी सांगितले तेही लिहिले. उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला की त्या भागाची दुरुस्ती तिच्या रेघेवरून होणार होती.

गोष्ट इथे संपवता आली असती. शाल, नारळ, टाळ्या. तसे झालेही. पण संकट टळले की गाव पुन्हा जुन्या चालीवर येते, आणि माणूस ऐकू आला की नाही हे नंतरच कळते.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत म्हातारीला खुर्ची दिली होती. ती खुर्चीत बसली नाही, सतरंजीवर बसली, पण पुढे बसली. तलावाचा विषय झाला, तिचे कौतुक झाले. मग ती म्हणाली, “आता आमचं आईका. आमाला नळ न्हाई. घराचा उतारा न्हाई. बांधाखालनं उठून गावाशेजारी जागा द्या.”

सभेत चुळबूळ झाली. कोणी घड्याळ पाहिले. एक वयस्कर शेतकरी म्हणाला, “म्हातारे, तलावाचं तू सांगितलंस, आमी मानलं. पर त्याचा आन् ह्येचा काय संबंध?”

“मालक, नळ असता तर मी झऱ्याव कशाला गेले असते?” ती म्हणाली. “आन् घर गावाशेजारी असतं तर रातीला ते पानी बघत कोन बसलं असतं? तुमी न्हाई बघितलं. तुमाला बघायची गरज नव्हती.”

तिच्या आवाजात राग नव्हता. कोणी हसले नाही.

ग्रामसेवकाने तिचे वाक्य जसेच्या तसे वहीत घेतले आणि मोठ्याने वाचून तिला विचारले, “आजी, हेच म्हणायचं होतं ना?” ती हो म्हणाली. मग त्याने अडचण मांडली. विमुक्त आणि भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाणांच्या नावाची मुक्त वसाहत योजना आहे, तीत जागा आणि घर मिळू शकते. पण जातीचा दाखला लागतो, आणि दाखल्याला 1961 च्या आधीचा पुरावा. कागद नसेल तर गृहचौकशीत जुन्या माणसांचे जबाब घेता येतात. कोणीतरी उभे राहून सांगायला हवे की ही माणसे तेव्हा इथे होती.

खोलीत जुनी माणसे पुष्कळ होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. जबाब द्यायचा म्हणजे तालुक्याला जायचे, अधिकाऱ्यापुढे उभे राहायचे, सही करायची. गायरानावर ज्यांचा डोळा होता तेही सभेत बसले होते.

ज्याने संबंध विचारला होता तोच शेतकरी उठला. त्याला उठायला गुडघ्यावर हात द्यावा लागला. तो म्हणाला, “माझ्या मळ्यातली विहीर हिच्या बापानं पाडली. मी शाळेत घातलो नव्हतो तवा. खडक लागला तर सुरुंग लावायला माझा बाप भीत व्हता, हिचा बाप दोरानं खाली उतरला. मला काठावर धरून ठिवलं व्हतं, मी बघितलंय.” तो थोडा थांबला. “लिहा, भाऊसाहेब.”

“तालुक्याला येऊन सांगावं लागेल, तात्या,” ग्रामसेवक म्हणाला.

“सांगतो की. कवा जायचं?”

मागच्या रांगेतून आणखी एकाने आपल्या आजोबांच्या विहिरीचे नाव घेतले. मग तिसऱ्याने तालमीच्या पायाचे. ग्रामसेवकाने वहीचे पान उलटले, जबाब देणाऱ्यांची नावे एकाखाली एक घेतली आणि सोमवारी सकाळी नऊच्या एसटीने सगळ्यांनी निघायचे असे ठरले.